बुधीबाईने न सांगितलेला भाग

आमच्या घरी चार माणसं जमली आणि मालिकांचा विषय निघाला, की मी पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जातो. बायकोला वाटतं मला मालिकांचा तिटकारा आहे. तिने तसं सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलंय, "ह्यांना नाही बाई आवडत असलं काही." आवडतं हो, चांगलं आवडतं! पण कुणी "अगं, काल काय झालं माहितीये का?" अशी सुरुवात केली की मला बुधीबाई आठवते, आणि बुधीबाई आठवली की माणसांत बसायची लाज वाटते. इतकी वर्षं झाली तरी वाटते.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी बी.एस्सी. ॲग्री झालो आणि दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसवर सुपरवायझर म्हणून लागलो. वय तेवीस, हातात क्लिपबोर्ड, डोक्यात हवा. सकाळी पंचवटीतून मोपेडवर निघायचो तेव्हा अर्ध्या युरोपचं पोट माझ्यावरच अवलंबून आहे असं मला वाटायचं. आमची द्राक्षं बोटीने परदेशात जायची. त्यासाठी घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर एक पांढुरकी भुकटी असते, ती पुसली गेली की घड शिळा दिसतो आणि तिकडचा माणूस तो घेत नाही. बायकांनी एका हातात देठ धरायचा आणि बारीक कात्रीने खराब मणी तेवढे छाटायचे, एवढंच काम. "भुकटी पुसली की घड बाद" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणायचो. ऐकायचं कुणी नाही.

बायका सुरगाण्या-पेठेकडच्या डोंगरातल्या. भाताची कामं उरकली की मुकादमाबरोबर खाली यायच्या आणि उन्हाळा तापेपर्यंत पॅकहाउसमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना मिळून अठ्ठावीस जणी. त्यांच्या मधोमध बसायची ती बुधीबाई. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. पन्नाशीची, काटकुळी, हातावर कोपरापर्यंत गोंदण. कामाला बसताना बांगड्या वर सारून त्यांना सुतळीचा वेढा द्यायची, घडाला लागू नयेत म्हणून. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एक जादूची मालिका लागायची. राणी मेघावती, तिचा बोलका घोडा, आणि धुराची जीभ असलेली एक चेटकीण. सगळा जिल्हा वेडा झाला होता. आमच्या गल्लीत त्या अर्ध्या तासात रिक्षासुद्धा दिसायची नाही. पॅकहाउसच्या मालकांचं घर शेजारीच होतं, तिथे रंगीत टीव्ही होता. पण बायकांची स्वयंपाकाची वेळ तीच, आणि मालकीणबाईंच्या, म्हणजे वहिनींच्या, ओट्यावरच्या खिडकीत उभं राहायला जागा एकाच माणसाची. मग या बायकांनी काय करावं? त्यांनी आपल्यातलं एक माणूस टीव्ही पाहण्यासाठी नेमलं! बुधीबाईने जायचं, पाहायचं आणि रविवारी सकाळी टेबलावर सांगायचं. त्या बदल्यात शनिवारची तिची भाकरी बाकीच्यांनी पाळीपाळीने थापायची आणि तिचा हंडाही भरून ठेवायचा. पंचायतीतसुद्धा इतकं शिस्तीत काही ठरत नाही.

खिडकीत ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. वहिनी म्हणायच्या, "अगं, आत ये, बस." ती म्हणायची, "नको, वयनी. बसली का मला इसरायला व्हतं." आणि खरोखर ती काही म्हणजे काही विसरायची नाही. जाहिरातीसुद्धा नाही.

"तर मंग राणी लय रडाय लागली," ती कात्री चालवत सांगायची. "येवढी रडली, येवढी रडली. मंग एक बाई आली, तिनं दात घासलं. फेस आला तोंडाला. मंग दोन पोरं आली, त्यायनी बिस्किट खाल्लं. मंग राणी परत रडाय लागली."

"दात कशापायी घासलं वो तिनं?" एखादी विचारायची.

"तिचं तिला ठावं. सांजचं घासलं पण."

मला हसून हसून ठसका लागायचा. मी समजावलं, की बाई, त्या जाहिराती असतात, त्या गोष्टीत नसतात. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच खुळा ठरलो. "ठावं हाय की, सायेब. पण दिसलं तर सांगाय नको? माझी भाकर ह्यायनी थापली."

सांगताना ती आपल्या मुलखाची भरही घालायची. तिची राणी नागलीची भाकरी खायची. घोडा पाणी प्यायचा तो त्यांच्याच गावच्या नदीवर, आणि चेटकीण राहायची ती त्यांच्या घाटातल्या वळणावर, जिथे दरवर्षी एखादी जीप उलटते. घोडा दौडू लागला की अठ्ठावीस कात्र्या भराभर चालायच्या, राणी झोपली की सावकाश. रविवारी आमचा माल दुपारीच पूर्ण व्हायचा. मालक खूश. म्हणाले, "त्या बाईला बोलू द्या हो, साहेब. तुम्ही नाही बोललात तरी चालेल."

हे मला झोंबलं. आता सांगायला काय हरकत आहे, चांगलंच झोंबलं.

मग टोप्यांचं प्रकरण झालं. परदेशी गिऱ्हाइकाने पत्र पाठवलं, की बायकांनी केसांवर जाळीच्या टोप्या घालायला हव्यात. मी टेबलाच्या टोकाला उभा राहून स्वच्छतेवर पंधरा मिनिटं भाषण दिलं. रोगजंतू वगैरे सगळं सांगितलं. बायकांनी टोप्या बोटांवर फिरवल्या आणि शेजारी ठेवून दिल्या. डोक्यावरचा पदर काढून ही मासे धरायची जाळी कोण घालणार? दुसऱ्या दिवशी बुधीबाईने सांगितलं, की राणीच्या दासींना अशाच टोप्या असतात, त्या घातल्या की चेटकिणीला माणूस दिसत नाही. मालिकेत असलं काही नव्हतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या! आणि टोपी घातलेली प्रत्येक जण माझ्याकडे पाहून, "सायेब, दिसती का मी?" असं विचारून खिदळत होती. मी क्लिपबोर्डात तोंड घातलं.

पुढे एक गोरा साहेब पाहणीला आला. त्याच्याशी बोलायचं म्हणून मी आठवडाभर आरशासमोर इंग्रजी घोकलं होतं. तो आला, माझं जेमतेम ऐकलं आणि टेबलाजवळ जाऊन उभा राहिला. बुधीबाई तेव्हा घोड्याचे पंख कापल्याचं सांगत होती. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तरी तो हाताची घडी घालून उभाच! जाताना त्याने मला विचारलं, त्या बाईचं नाव काय? माझं नाव त्याने विचारलं नाही.

एवढं सगळं सांगतोय ते माझ्या पोटात काय साचत होतं ते कळावं म्हणून. कारण नंतर जे केलं ते रागाच्या भरात केलं असंही म्हणायची सोय नाही. मला राग आलाच नव्हता.

त्याच हंगामात सुकरी नावाची एक तरुण बाई वीस दिवस उशिरा आली होती. मी मुकादमावर डाफरलो, तर बुधीबाई मला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली. हळूच म्हणाली, "सायेब, तिला बोलू नका. दिवाळीच्या म्होरं पोरगा गेला तिचा. तापानं. आठ म्हयन्यांचा व्हता. तिला माझ्याशेजारी बसवा." मी बसवली. सुकरी कुणाशी बोलायची नाही, पण बुधीबाईची गोष्ट सुरू झाली की तिची मान थोडी तिकडे वळायची. महिनाभरात ती एकदा हसलीही होती, दात घासणाऱ्या बाईला. बुधीबाईने त्या दिवशी ती जाहिरात तीनदा सांगितली.

आणि मग तो भाग आला. घरी आई आणि मी पाहत होतो. राणीला मुलगा झालेला, पाळण्यात युवराज. चेटकीण धूर होऊन खिडकीतून आत येते, पाळणा उचलते आणि अग्निकुंडात टाकते. राणी किंचाळते, पडद्यावर नुसत्या ज्वाळा, आणि भाग संपतो. आई पदर डोळ्यांना लावून उठली. गल्लीत बायका दारात येऊन एकमेकींना विचारत होत्या, "पाहिलंत ना? काय बाई तरी दाखवतात!" मीसुद्धा हादरलो होतो. 

रविवारी सकाळी पॅकहाउसवर पोचलो तेव्हा गोष्ट सुरू झालेली होती. मी ऐकत उभा राहिलो. बुधीबाई सांगत होती, "तर मंग चेटकीण पाळण्यापाशी आली. वाकून बगती तर काय, पाळणा मोकळा! राणी लय शानी. तिनं पोर आदीच आपल्या आयकडं धाडलं व्हतं, घोड्यावर बसवून. चेटकीण बसली हात चोळत. मंग एक बाई आली, तिनं दात घासलं."

बायका हसल्या. सुकरीची कात्री सावकाश चालली होती.

बुधीबाईने भाग का बदलला ते मला कळलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. सुकरीचं माझ्या ध्यानातच नव्हतं, असंही सांगितलं. दोन्ही खोटं आहे. ध्यानात होतं. पण बुधीबाई पहिल्यांदाच चुकीचं सांगताना सापडली होती, आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. हा मोका सोडवेना.

"काय थापा मारताय, बुधीबाई?" मी मोठ्याने म्हणालो. "मी पाहिलाय कालचा भाग."

तिने मान वर केली. सांगताना ती कधी मान वर करायची नाही. "असू द्या, सायेब," ती म्हणाली. "तुमी तुमचं काम करा."

झालं! सगळ्यांसमोर मला काम करायला सांगते? मी पुढे झालो आणि सुरुवात केली. धूर कसा आला, पाळणा कसा उचलला, पोर कसं रडलं. अठ्ठावीस कात्र्या थांबल्या. पहिल्यांदाच त्या माझं ऐकत होत्या, आणि त्याची मला नशा चढली. जे नव्हतं तेही मी घातलं. पोराच्या हातातला खुळखुळा ज्वाळांत पडल्याचं सांगितलं. मालिकेत खुळखुळा नव्हता. तो माझा.

मी थांबलो तेव्हा टेबलावर चिडीचूप झालं होतं. मला वाटलं, रंगली. मग सगळ्यांचे डोळे सुकरीकडे आहेत हे दिसलं. तिने कात्री खाली ठेवली होती. समोरचा घड उचलून मांडीवर घेतला होता आणि पदराच्या टोकाने ती त्याचा एकेक मणी पुसत होती. हलक्या हाताने, वरून खाली. पुसलेला मणी काळा-हिरवा चमकायचा, की ती पुढचा घ्यायची. "भुकटी पुसली की घड बाद" हे वाक्य माझ्या तोंडात नेहमीचं, पण त्या वेळी जीभ उचलली नाही.

बुधीबाईने तो घड तिच्या हातून काढून घेतला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं, सायेबानी अर्धंच पाह्यलं. त्येंच्या पंचवटीत लाइट गेली व्हती काल. म्होरलं त्येंना दिसलंच नाय. पोर जित्तं हाय." मग माझ्याकडे वळली. "गेली व्हती ना लाइट, सायेब?"

सुकरीनेही माझ्याकडे पाहिलं. तिचा हात घडावर थांबलेला होता.

फक्त "हो" म्हणायचं होतं. लाइट तर आमच्याकडे दिवसाआड जायची. एक शब्द पुरे होता, आणि तो त्या म्हातारीने माझ्या तोंडाशी आणून ठेवला होता. पण अठ्ठावीस जणींसमोर मी अर्धवट ठरलो असतो. बी.एस्सी. झालेला माणूस खिडकीतून टीव्ही पाहणाऱ्या बाईसमोर खोटा पडला असता.

"नाही," मी म्हणालो. "लाइट होती."

 बुधीबाईने आपली कात्री उचलली. दिवसभर टेबलावर कात्र्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. संध्याकाळी मी टाकीवर हात धूत होतो, तेव्हा ती हंडा घेऊन आली. मी काहीतरी पुटपुटलो, की खरं ते सांगितलं, त्यात माझं काय चुकलं. तिने हंडा नळाखाली लावला.

"मी बी पाह्यलं व्हतं, सायेब," ती म्हणाली. "पाह्यलं तेवढं समदं सांगायचं नसतं." आवाजात राग नव्हता. हंडा भरला तशी उचलून गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मला रात्री झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सुकरीची जागा रिकामी होती. पहाटे बोचकं घेऊन एकटीच रस्त्याला लागली आणि पेठेची गाडी धरून गेली, असं मुकादम म्हणाला. हंगाम संपायला अजून महिना होता.

आता मजा ऐका. मजाच म्हणायची. पुढच्या शनिवारी मालिकेत काय निघालं? युवराज जिवंत! पाळण्यात गुरुजींनी मंत्राने केलेला कणकेचा बाळ ठेवला होता, खरं पोर केव्हाच राणीच्या माहेरी पोचलेलं. आई टाळ्या वाजवून म्हणाली, "बघ, मी म्हटलंच होतं!"  बुधीबाईने रचून सांगितलेलं तेच खरं ठरलं होतं. असल्या मालिकेत कुणी मरतं का कधी? तेवढी अक्कल तिला होती, मला नव्हती.

रविवारी मी मोपेड जेवढी पळेल तेवढी पळवत गेलो. बायका कामाला बसलेल्या. बुधीबाई गप्प. मला वहिनींकडून कळलं, की ती शनिवारी खिडकीत आलीच नव्हती. त्या संध्याकाळी स्वतःची भाकरी तिने स्वतः थापली. मी टेबलाच्या टोकाला उभा राहिलो आणि म्हणालो, "अहो, ऐका! युवराज जिवंत आहे! बुधीबाईंचं बरोबर होतं, माझंच चुकलं!"

एकही कात्री थांबली नाही. एकीनेही मान वर केली नाही. मी गुरुजींचं सांगितलं, कणकेच्या बाळाचं सांगितलं. कुणी विचारलं नाही, की मग पुढे काय झालं. सुकरीच्या जागेवर क्रेट ठेवलेलं होतं. मी मधेच थांबलो आणि थांबलो हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. कारण विचारलं की सांगायचो, जाण्यायेण्याचा त्रास.

त्यानंतर बुधीबाई मला एकदाच दिसली, सातआठ वर्षांनी. मी खतांच्या एका दुकानात हिशेबनीस म्हणून चिकटलो होतो, लग्न झालं होतं, पोटही सुटलं होतं. पंचवटीत गोदाकाठच्या भाजीबाजारात सकाळी पिशवी घेऊन हिंडत होतो. एका कोपऱ्यात डोंगराकडच्या तिघी बायका पोत्यावर नागली आणि वरई मांडून बसल्या होत्या. मधली बोलत होती, बाकीच्या दोघी ऐकत होत्या. शेजारचा भाजीवालाही कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता कान देऊन होता. चेहरा ओळखण्याआधी आवाज ओळखला. केस पांढरे झाले होते, पण हात तसेच चालत होते, नागलीतले खडे वेचत.

मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलं आणि ती बोलायची थांबली. मधल्या मधे, वाक्य अर्धं टाकून.

"बुधीबाई, ओळखलंत का?"

"वळखलं की, सायेब. बरं हाय ना?"

"मावशी, सुकरी कशी आहे?"

"बरी हाय. दोन पोरी हायेत तिला. नागली देऊ का? नवी हाय."

"मावशी, त्या वर्षी मी तेव्हा..."

"किलो देऊ का दोन?" तिने तराजू उचलला होता.

मी दोन किलो म्हणालो. आमच्या घरी नागली कुणी खात नाही. तिने नीट तोलून दिली, वर एक मूठ जास्तीची घातली आणि दोन्ही हातांनी पिशवी माझ्याकडे केली. बाकीच्या दोघी आणि तो भाजीवाला माझ्याकडे पाहत होते, हा माणूस कधी जातो म्हणून. ती मुकाट्याने खडे वेचत बसली. मी उभा होतो तोवर तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

निघालो. दहाबारा पावलांवर एक टेम्पो उभा होता, तो ओलांडला आणि मागून तिचा आवाज पुन्हा सुरू झाला. भाजीवाला हसला तेही ऐकू आलं. मी वळून पाहिलं असतं तर ती परत थांबली असती. म्हणून तिच्याकडे पाठ करून, पिशवी छातीशी धरून, तिशी ओलांडलेला मी टेम्पोच्या आडोशाला चोरासारखा उभा राहिलो आणि ऐकत राहिलो.